थंडीतले साप आणि त्यांची मोजदाद

वऱ्हाडातल्या संग्रामपूर तालुक्याचे सरळ दोन भाग पडतात. दक्षिणेला पूर्णेच्या खोऱ्यातली काळी, कापसाची जमीन आणि उत्तरेला, सोनाळा-टुनकीच्या पलीकडे, एकदम उठलेला सातपुडा. या डोंगरात अंबाबरवा अभयारण्य आहे. १९९७ साली ते जाहीर झालं, क्षेत्र सुमारे १२७ चौरस किलोमीटर, आणि आज ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पात मोडतं. साग, सालई, धावडा, तेंदू, मोह असं हे पानगळीचं रान. पावसाळ्यात इथं चार पावलांपुढचं दिसत नाही. मार्गशीर्ष-पौषात मात्र गवत पिवळं पडून आडवं होतं, सागाखाली वाळल्या पानांचा थर साचतो, नाले आटतात आणि काठचे दगड उघडे पडतात. रानात साप पाहायला निघणाऱ्याला हेच दिवस हवे असतात.

हे ऐकून पुष्कळांच्या कपाळाला आठ्या पडतील. आपल्याकडे सापांचा मोसम म्हणजे पावसाळा. नागपंचमी श्रावणात, बिळात पाणी शिरून साप घराकडे येतात तेही तेव्हाच, आणि सर्पदंशाचे रुग्ण दवाखान्यात जास्त येतात तेही त्याच महिन्यांत. थंडीत साप ‘झोपतात’ असं शाळेपासून कानावर पडलेलं असतं. युरोपात किंवा हिमालयाच्या उंचावर ते खरं आहे. तिथं साप महिनोन्‌महिने जमिनीखाली पडून राहतात. वऱ्हाडातली थंडी तेवढी कडक नाही. रात्री पारा दहा अंशांच्या आसपास किंवा खाली उतरतो, पण दुपारी अंगातला सदरा काढावासा वाटतो. साप स्वतःच्या शरीरात ऊब तयार करत नाही, ती त्याला बाहेरून घ्यावी लागते. त्यामुळे रात्र वारुळात, उंदराच्या बिळात, कपारीत किंवा झाडाच्या ढोलीत काढायची आणि ऊन चढलं की तोंडाशी येऊन अंग शेकायचं, असा त्याचा दिनक्रम होतो. पावसाळ्यात साप कुठंही असू शकतो. थंडीत तो ठराविक जागी, ठराविक वेळी असतो, आणि त्यातच शोधणाऱ्याची सोय आहे.

शिवाय काही जातींचा हा घरसंसाराचा काळ. अजगरांचा मीलनकाळ साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. राजस्थानातल्या भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात साळिंदरांच्या बिळांशी उन्हं खात पडलेले अजगर पाहायला हिवाळ्यातच लोक जातात. घोणस, म्हणजे वऱ्हाडातली परड, एरवी रात्री हिंडणारी. पण थंडीत तिचं वेळापत्रक बदलतं आणि ती दिवसाउजेडी बाहेर दिसू लागते. दोन नर अंगाला पीळ घालून एकमेकांना खाली दाबू पाहतात. त्यालाच लोक नर-मादीचा ‘लाग’ म्हणतात आणि त्यावर नवं कापड टाकलं की भाग्य उजळतं असं सांगतात. धामणींच्या बाबतीतही हीच गफलत होते. कापड टाकणाऱ्यांचं भाग्य उजळल्याचं कुठं दिसलेलं नाही. सापांची कुस्ती मात्र मोडते.

डोंगरात गुरं चारणाऱ्याला हे सगळं पुस्तकाशिवाय ठाऊक असतं. पूर्वेकडचा किंवा दक्षिणेकडचा उतार आधी तापतो, म्हणून सकाळी तिकडे बघायचं. नऊ ते बारा ही वेळ. नाल्याच्या काठची मुळं, फुटकी वारुळं, दगडी बांध. कात सापडली तर ती ओली-मऊ आहे की वाळून कडक झालेली, यावरून मालक जवळ आहे की गेला ते कळतं. सातभाई, बुलबुल, कोतवाल एखाद्या झुडपाभोवती जमून कलकलाट करू लागले आणि वर आकाशात शिकरा नसेल, तर खाली पाहायचं. वनाधिकारी आणि लेखक मारुती चितमपल्ली यांनी अरण्यविद्या अशाच माणसांकडून उचलली आणि ते ऋण त्यांनी आयुष्यभर उघडपणे मान्य केलं. त्यांच्या नोकरीतली काही वर्षं मेळघाटातही गेली होती.

ही जाण जुनी आहे. मात्र कागदावर तिची पहिली मोठी खूण सापडते ती सातपुड्यात नव्हे, कोकणात, आणि ती मेलेल्या सापांच्या ढिगाऱ्याच्या रूपात.

रत्नागिरीच्या जांभ्या कातळावर फुरसं अमाप. वीतभर ते हातभर लांबीचा, मातकट रंगाचा हा साप दिवसा दगडाखाली पडून असतो आणि डिवचला की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून खरखर आवाज काढतो. इंग्रज सरकारनं त्याच्या डोक्यावर इनाम लावलं होतं. १८६२ च्या डिसेंबरात इनामाची रक्कम काही काळापुरती वाढवण्यात आली, आणि २ ते १० डिसेंबर या आठ दिवसांत एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात १,१५,९२१ साप मारले गेले. दिवसाला साडेचौदा हजारांच्या घरात! हा आकडा नोंदवणारे जी. डब्ल्यू. विडाल मुंबई इलाख्याच्या सनदी नोकरीतले अधिकारी. त्यांचाच दुसरा आकडा असा की इनामाच्या सहा वर्षांत या जिल्ह्यात दरवर्षी सरासरी २,२५,७२१ फुरशी मारली गेली. म्हणजे वर्षभराच्या सरासरीच्या निम्म्याहून अधिक साप थंडीतल्या एका आठवड्यात हाती लागले होते.

वाढीव इनामानं हे घडवलं हे उघड आहे. पण इनाम सापाला दगडाखाली आणून बसवत नाही. डिसेंबरात भात निघालेलं असतं, माणसांचे हात रिकामे असतात, कातळावरचं गवत कापलेलं किंवा वाळलेलं असतं, आणि गारठलेलं फुरसं दगड उलटला तरी चटकन निसटत नाही. कोणता दगड उलटायचा हे गावातल्या पोरासोरांनाही माहीत होतं. सरकारनं पैसे मोजले ते त्या माहितीचे.

विडाल यांचं वेगळेपण पुढे दिसतं. त्यांनी १८९० साली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या नियतकालिकात उत्तर कानडा जिल्ह्यातल्या विषारी सापांवर लेख लिहिला आणि त्यात सरकारी सर्पदंशाच्या आकडेवारीलाच हात घातला. कोणत्या सापानं माणूस मेला हे न ओळखता नुसते आकडे छापण्यात अर्थ काय, असा त्यांचा रोख होता. त्या काळी फुरसं हा किरकोळ साप मानला जाई. त्याच्या दंशानं माणसं मरतात आणि पुष्कळ मरतात, हे त्यांनी जिल्ह्यांची तुलना करून दाखवू पाहिलं. मारलेल्या सापांची मोजणी बिनचूक शेवटच्या आकड्यापर्यंत, आणि मेलेल्या माणसांची ढोबळ: सरकारी दप्तराची ही तऱ्हा त्यांच्या लक्षात आली होती.

वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आलं. आजचा संग्रामपूरचा परिसर तेव्हा जळगाव (जामोद) तालुक्यात होता आणि तो तालुका १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्याला जोडलेला होता. जंगली जनावरं आणि साप किती मारले, त्यांनी माणसं आणि गुरं किती मारली, याचे वार्षिक तक्ते सगळ्या प्रांतांतून कलकत्त्याला जात. सर जोसेफ फेरर यांनी १८७२ साली भारतातल्या विषारी सापांवरचा आपला भव्य सचित्र ग्रंथ काढला. त्यांनी जमवलेल्या माहितीत १८६९ या एका वर्षात देशाच्या काही भागांतूनच ११,४१६ सर्पदंशमृत्यू होते. अशा आकड्यांनी इंग्लंडात खळबळ उडाली आणि इथं इनामाची योजना पक्की होत गेली. इनामासाठी नाग पाळणाऱ्या दिल्लीकरांची गोष्ट व्यवस्थापनाच्या वर्गात हमखास सांगतात. तिला पुरावा जवळपास नाही. रत्नागिरीच्या आकड्यांना आहे, पण ती गोष्ट कोणी सांगत नाही.

मारण्यासाठी शोधणाऱ्यांच्या शेजारीच ठेवण्यासाठी शोधणारे उभे राहिले. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी १८८३ साली आठ जणांनी सुरू केली. तिचे सुरुवातीचे एक आधारस्तंभ एच. एम. फिप्सन हे मुंबईतले मद्याचे व्यापारी. सोसायटीचं बिऱ्हाड त्यांच्या व्यवसायाच्या जागेत होतं आणि फिप्सन यांना सापांचा विशेष शौक. जिल्ह्याजिल्ह्यांतले अधिकारी, डॉक्टर, रेल्वेवाले स्पिरिटच्या बाटलीत साप घालून मुंबईला पाठवत. १९०५ पासून फ्रँक वॉल या लष्करी डॉक्टरांनी सोसायटीच्या नियतकालिकात सर्वसामान्य भारतीय सापांवर लेखमाला चालवली. प्रत्येक सापाचं पोट उघडून त्यात काय आहे, मादीच्या पोटात किती अंडी किंवा पिलं आहेत, महिना कोणता, हे ते टिपत. कोणता साप कोणत्या ऋतूत काय करतो याबद्दल आज जे सहज सांगितलं जातं, त्यातलं बरंच त्या फाडलेल्या सापांतून आलेलं आहे. साप इथंही मेलेलाच होता. फरक एवढाच की त्याच्यासोबत आता तारीख आणि गाव लिहिलं जाऊ लागलं.

तिसरं गिऱ्हाईक औषधाचं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतल्या आल्बेर काल्मेत यांनी १८९० च्या दशकात सर्पविषावरचा उतारा, म्हणजे प्रतिविष, तयार केल्यावर जिवंत, विषासह साप ही गरजेची वस्तू झाली. मुंबईच्या परळमधली प्लेग प्रयोगशाळा १८९९ ची. १९२५ साली तिला वाल्देमार हाफकिन यांचं नाव मिळालं आणि पुढे तिथं प्रतिविष तयार होऊ लागलं. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर एकत्र चालणारं हे औषध घोड्यांच्या रक्तापासून बनतं. त्यासाठी साप लागत आणि फुरशासाठी माग पुन्हा कोकणातच जाई. ज्या कातळावर एकेकाळी फुरशांचा ढीग लागला होता, तिथूनच ती आता जिवंत नेली जाऊ लागली. हाफकिनमधले डॉ. पी. जे. देवरस यांनी १९६५ साली नॅशनल बुक ट्रस्टसाठी भारतीय सापांवर पुस्तक लिहिलं. सामान्य वाचकाच्या हाती पडलेलं देशातलं ते सुरुवातीचं चांगलं पुस्तक.

गारुड्याचं तंत्र या सगळ्याहून जुनं आणि अधिक निर्दय. नाग धरायचा, दात काढायचे, काही वेळा तोंडही शिवायचं आणि टोपलीत ठेवायचा. असा नाग फार दिवस काढत नाही. म्हणून दरवर्षी नवा शोधावा लागतो. सांगली जिल्ह्यातल्या बत्तीस शिराळ्याची नाग पकडण्याची परंपरा वेगळी, तिथं नागाला सांभाळून पुन्हा सोडत असत. तरी उच्च न्यायालयाच्या आदेशानं तिथंही जिवंत नागांची पूजा आणि मिरवणूक थांबली. दोन्हीकडचा शोध पावसाळ्यातला, बांधावरच्या बिळांचा, ओल्या मातीतल्या खुणांचा.

कातड्याच्या व्यापाराला ऋतू नव्हता. तो धामणी आणि अजगरांवर चाले आणि परदेशात पट्टे, पर्स, बूट होऊन संपे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९७६ सालची सापाच्या कातड्याच्या निर्यातीवरची बंदी यांनी त्याचा कणा मोडला. तमिळनाडूतले इरुळा लोक या धंद्यातले निष्णात माग काढणारे. त्यांची उपजीविका एका रात्रीत गेली. रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं १९७८ साली त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. साप पकडायचा, ठराविक दिवस ठेवून विष काढायचं आणि परत सोडायचा. भारतातल्या प्रतिविषासाठी लागणारं विष आजही मुख्यतः तिथूनच येतं. एका प्रदेशातल्या सापाचं विष दुसऱ्या प्रदेशातल्या त्याच जातीच्या सापापेक्षा वेगळं असू शकतं, हे बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधनानं अलीकडे ठळक केलं आहे. तेव्हा चेन्नईजवळच्या घोणसीच्या विषावर बेतलेलं औषध वऱ्हाडातल्या परडीला किती पुरेसं पडतं, हा प्रश्न नुसता पुस्तकी राहत नाही.

महाराष्ट्रात साप धरणाऱ्याची प्रतिमा बदलली ती पुण्यात. १९८० साली नीलिमकुमार खैरे ७२ विषारी सापांसोबत काचेच्या खोलीत ७२ तास बसले. त्यात प्रदर्शनाचा भाग होता, नाकारायचं कारण नाही. पण साप उगाच चावत नाही ही गोष्ट त्या तीन दिवसांनी जितक्या घरांत पोचवली तितकी शंभर व्याख्यानांनी पोचली नसती. १९८६ मध्ये कात्रजला सर्पोद्यान उभं राहिलं आणि पुढच्या दोन दशकांत तालुक्या-तालुक्यात ‘सर्पमित्र’ तयार झाले. घरात निघालेला साप धरून रानात सोडणारा हा तरुण. त्याच्या हातून पुष्कळ साप वाचले. गळ्यात नाग घालून फोटो काढण्याच्या नादात काही सर्पमित्रांचे जीवही गेले, हे त्याच इतिहासाचं दुसरं पान.

विदर्भाला मात्र या चळवळीनं एक खरी देणगी दिली. अंडीखाऊ साप नावाची एक जात आहे. पक्ष्यांची अंडी अख्खी गिळायची, घशातच मणक्यांच्या टोकांनी फोडायची आणि कवच बाहेर टाकायचं, हा तिचा खाक्या. राइनहार्ट या डॅनिश शास्त्रज्ञानं १८६३ साली तिचं वर्णन केलं ते आजच्या बांगलादेशातल्या रंगपूरच्या नमुन्यावरून. त्यानंतर जवळजवळ दीड शतक हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच नमुने मिळाले आणि माल्कम स्मिथ यांच्या १९४३ च्या प्रमाणग्रंथातही ती अतिदुर्मीळच राहिली. वन्यजीव कायद्यात तिला पहिल्या अनुसूचीत स्थान मिळालं, तेव्हा ती जिवंत पाहिलेला माणूस शोधून सापडला नसता. आणि मग हा साप निघाला तो वर्ध्यात. पराग दांडगे यांना मिळालेल्या सापावरून अशोक कॅप्टन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली महाराष्ट्रातली पहिली नोंद प्रसिद्ध केली. २००७ मध्ये राजू नांदे आणि सावन देशमुख यांनी अमरावती जिल्हा आणि मेळघाटातल्या सापांची सूची छापली. तिच्यात अंडीखाऊ सापाबरोबर पहाडी तस्कर आणि इंडियन स्मूथ स्नेक यांच्याही नोंदी होत्या. सातपुड्याच्या या पट्ट्याला सर्पशास्त्राच्या नकाशावर जागा मिळाली ती इथल्याच माणसांनी चिकाटीनं ठेवलेल्या वह्यांमुळे.

अंबाबरवा मेळघाटच्या याच पट्ट्याचं पश्चिमेचं टोक. अभयारण्यातलं अंबाबरवा गाव उठून बाहेर वसलं. मेळघाटात जिथं जिथं गावं उठली, तिथं शेतांच्या जागी कुरणं वाढली, आणि पडक्या दगडी जोत्यांइतका थंडीतला चांगला निवारा सापाला क्वचितच मिळतो. पण इथं वाटेल तेव्हा शिरून दगड उलटता येत नाहीत आणि येऊ नयेत. हे व्याघ्र प्रकल्पाचं क्षेत्र आहे. परवानगीशिवाय प्रवेश नाही आणि साप पकडणं हा गुन्हा आहे. दगड उलटून तसाच टाकणं हे तर परवानगी असणाऱ्यानंही करू नये. एका दगडाखालची ओल आणि ऊब जमून यायला वर्षं लागलेली असतात.

दगड उलटणाऱ्यांची एक जुनी जात अजून धंद्यात आहे. मांडूळ हा मऊ मातीत राहणारा, दोन्ही टोकांना बोथट दिसणारा बिनविषारी साप. गुप्तधन, काळी जादू आणि परदेशातलं औषध या तीन अफवांच्या जोरावर त्याची लाखांत किंमत बोलली जाते, वजनावर भाव ठरतो आणि महाराष्ट्रात दरवर्षी कुठं ना कुठं टोळी पकडली जाते. फसवणारे आणि फसणारे दोघेही आपलेच. १८६२ चं इनाम सरकारी होतं, हे खासगी आहे.

डोंगराखालच्या शेतात हिवाळ्यातला साप वेगळ्या रूपात भेटतो. कापसाची वेचणी, तुरीची कापणी, हरभऱ्याचं ओलित, संत्र्याच्या बागा: संग्रामपूर तालुक्याची सगळी कामं याच महिन्यांत एकत्र येतात. सकाळी सऱ्यांमध्ये ऊन खात पडलेली परड वेचणाऱ्या बाईच्या पायाशी कुकरच्या शिट्टीसारखी फुसकारते. ही खरं तर तिनं दिलेली सूचना. तुराट्यांचे ढीग आणि कडब्याच्या गंज्या उंदरांना बोलावतात, उंदीर सापांना. कृषिपंपाला वीज रात्री मिळाली की हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी अंधारात, अनवाणी किंवा चपलेवर बांधावरून हिंडतो. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशानं वर्षाला सरासरी ५८,००० माणसं मेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं मांडला. सरकारी रुग्णालयांच्या नोंदींत त्यातली थोडीच दिसतात. विडाल यांनी १८९० साली केलेली तक्रार अजून शिळी झालेली नाही.

संग्रामपूर, सोनाळा, वरवट बकाल, टुनकी भागात साप धरून सोडणाऱ्या तरुणांनी म्हणूनच एवढं करावं. या थंडीत दिसलेल्या प्रत्येक सापाची जात, तारीख, वेळ, गाव आणि जागा, म्हणजे वारूळ, गंजी, विहीर की बांध, एका वहीत लिहून ठेवावी. सोबत फोटो असावा, पण हातात साप नसावा. चावा कोणत्या सापाचा, कोणत्या कामात आणि किती वाजता झाला, हेही त्यात यावं. ओलिताला जाणाऱ्यानं पायात गमबूट आणि हातात विजेरी ठेवावी, आणि चावा झालाच तर मांत्रिकाच्या ओट्यावर न थांबता प्रतिविष असलेल्या सरकारी रुग्णालयात जावं; तिथं ते मोफत मिळतं.